ज्ञानोबा आत आहेत, पण सापडत नाहीत

सुकदेव आप्पांच्या गळ्यात वीणा पडायची म्हटलं की काहीतरी आडवं येतं, हे सुरतेच्या डिंडोलीत, खानदेशी वस्तीत, सगळ्यांना पाठ झालेलं होतं. पहिल्यांदा त्यांची पाळी आली ती प्लेगच्या साली. आख्खी वस्ती मिळेल त्या गाडीला लटकून खानदेशात पळाली आणि सप्ताह राहिला तो राहिलाच. पुढल्या खेपेला आप्पांना ऐन वेळी गालगुंड झालं. सुजलेला गाल घेऊन ते मंडपापर्यंत गेलेही. पण वीणा खांद्याशी लावली की गाल तारेला लागे आणि तार आपोआप वाजे. शेवटी बुवांनीच हात जोडले.

वीणा ही काही हौसेची वस्तू नव्हे. कीर्तन चालू असताना ती जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ती घेऊन जो बुवांच्या मागे उभा राहतो त्याने फक्त नाव घ्यायचं, तार छेडायची आणि चेहरा शांत ठेवायचा. आप्पांचा चेहरा जन्मतः शांत होता. आरशासमोर कोयता-झाडू काहीही धरून त्यांनी त्याची खात्री केली होती. उणीव होती ती फक्त वीणेची.

यंदा मात्र सगळं जुळून आलं होतं. कीर्तनाला चोपड्याचे ज्ञानोबा बुवा यायचे होते. बुवांचा आवाज ऐकलात तर तुम्ही पुढचे चार दिवस दुसरं काही ऐकूच नये असा. बुवांचं जेवण आप्पांकडे, वीणा आप्पांकडे, आणि बुवांना उधना स्टेशनवरून आणायचं कामही आप्पांकडे. माणसाने एका दिवसात याहून जास्त मागू नये. आप्पांनी मागितलंही नव्हतं. ते जास्तीचं मिलच्या शेठने आपण होऊन दिलं.

उधन्याच्या ज्या प्रोसेस हाउसात आप्पा हेड क्लार्क होते, तिथे साड्या रंगायच्या आणि छापायच्या. ऑफिसात तीन कॉम्प्युटर होते. एक आप्पांच्या टेबलावर, एक चंचलबेनच्या आणि एक मागे गोडाऊनमध्ये मिश्राजींकडे. तिन्ही जुने, पिवळट पडलेले, आणि सुरू होताना मसाला वाटल्यासारखा आवाज करणारे. तिघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. आप्पांचं मशीन म्हणे माल गेला, मिश्राजींचं म्हणे माल आहे, आणि चंचलबेनचं मशीन दोघांनाही ओळखत नसे. म्हणून शेठने सर्व्हर आणला. सर्व्हर म्हणजे या तिघांचा वडील. हिशेब सगळा त्याच्या पोटात, आणि हे तिघे फक्त त्याला विचारणार, असा संसार.

तो बसवायला प्रज्ञेश नावाचा इंजिनिअर आला. मुलगा उधन्याचाच, घर मराठी, शाळा गुजराती, कंबरेला पेजर. त्याने शेठच्या केबिनमध्ये एसीखाली सर्व्हर ठेवला, जुन्या मशिनींच्या पोटात कार्डं खोचली, काळी केबल एकातून दुसऱ्यात ओवत नेली, जुना हिशेब सगळा सर्व्हरमध्ये ओतला आणि मग विचारलं, "शेठ, याचं नाव काय ठेवायचं?"

शेठने आप्पांकडे पाहिलं. "आप्पा, तमे भगत माणस. नाम तमे पाडो."

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. आप्पांना त्या क्षणी अगदी आत्यासारखं भरून आलं. त्यांनी डोळे मिटले, त्या पत्र्याच्या डब्याच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असावा अशी जाळी होती तिथे तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "ज्ञानोबा."

प्रज्ञेशने ते टाईप केलं. त्याने काय टाईप केलं ते आप्पांनी पाहिलं नाही, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते. भक्तीत डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत यावर बुवा लोक फार सुंदर बोलतात. त्या दिवशी उघडे ठेवले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती, एवढंच आपण म्हणू.

तेवढ्यात प्रज्ञेशच्या कंबरेला पेजर किणकिणला. वापीला कुणाचं तरी बंद पडलं होतं. तो घाईघाईने सांगू लागला, "आप्पा, मला निघायला हवं. आता राहिलंय ते सोपं. प्रत्येक मशीन सुरू होताना एक छोटी फाईल वाचतं. तिच्या शेवटच्या ओळीत सर्व्हरचं नाव लिहा, तिरपी रेघ मारा, पुढे तुमचं नाव. मशीन बंद करा, चालू करा. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त दोन गोष्टी. केबलच्या दोन्ही टोकांना या टोप्या आहेत ना, त्या काढायच्या नाहीत. आणि सर्व्हरला हात लावायचा नाही. एसी बंद करायचा नाही."

त्या तीन गोष्टी झाल्या, हे सांगायच्या आत तो गेलाही. शेठही मुंबईच्या गाडीला निघाले. जाता जाता म्हणाले, "आप्पा, टेम्पो भरून उभे आहेत. आजपासून मालाचं चलन निघेल ते सर्व्हरमधूनच. तिन्ही मशिनी चालू झाल्याशिवाय तुम्ही हलायचं नाही. तुमच्या बुवांना आणायला माझी गाडी घेऊन जा, ड्रायव्हर घेऊन जा. पण तुम्ही नाही."

आप्पा मनात म्हणाले, एक ओळ तर लिहायची. दुपारच्या आत मोकळा.

त्यांनी आधी केबिनबाहेर चपला काढल्या, आत जाऊन सर्व्हरच्या कपाळाला काडीने कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हात लावायचा नाही म्हणून हार लांबूनच टाकला. तो पहिल्यांदा एसीला लागला, दुसऱ्यांदा बसला. मग टेबलावर येऊन त्यांनी ओळ लिहिली, मशीन बंद केलं, चालू केलं. मसाला वाटला गेला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ उमटली: या नावाचा सर्व्हर माहीत नाही.

आप्पांनी ती ओळ दोनदा वाचली. माहीत नाही? ज्ञानोबा? अख्ख्या मराठी मुलखात शेंबड्या पोराला माहीत आहेत, आणि या डब्याला नाहीत? त्यांना आपला अपमान झाल्यासारखं वाटलं नाही. त्याहून मोठ्या कुणाचा तरी झाल्यासारखं वाटलं.

"चंचलबेन, तुमचं काय म्हणतंय?"

"नथी जडतो, आप्पा. सर्व्हर नाही म्हणते."

"नाव बरोबर घातलंत ना?"

"हा तो! ज्ञानोबा. एकदम बराबर."

गोडाऊनमधून मिश्राजी ओरडले, "बड़े बाबू, हमारा भी वही हाल है. लिखा तो ज्ञानोबा ही है, अक्षर-अक्षर."

तिघांनी पुन्हा तोंडाने नाव म्हणून दाखवलं. तिघांचंही बरोबर होतं. तिघांनी पुन्हा मशिनी बंद-चालू केल्या. पुन्हा तीच ओळ.

चंचलबेन केबिनच्या काचेतून डोकावून आल्या आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, "आप्पा, अंदर साप छे!"

आप्पा धावले. खरंच. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर हाराच्या मागून एक लाल साप वळवळत चालला होता. कोपऱ्यात जाई, वळे, परत येई. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. आप्पांनी हात जोडले. शेषाशिवाय देव कसला! मनाला जरा बरंही वाटलं: म्हणजे देव आत आहे. फक्त भेटत नाही.

इथून सल्ल्यांना सुरुवात झाली. मिश्राजींचं म्हणणं पडलं की तिन्ही मशिनी जुन्या, घरातल्या थोरल्या सुनांसारख्या. नवीन माणसाने येऊन एकदम वडीलकी केली तर त्या कशा ऐकतील? त्यांना थोडा वेळ द्या. चंचलबेनचं म्हणणं, केबल खुर्चीच्या पायाखाली दबली असेल. सगळ्या खुर्च्या उचलून झाल्या. एक टेम्पोवाला चलन मागायला आला होता, तो म्हणाला, अर्थिंग. सुरतेत काहीही बंद पडलं की कुणीतरी अर्थिंग म्हणतंच.

आणि मग आला सुपडू. सुपडू डिंडोलीत घरोघर टीव्हीची केबल देत असे आणि कीर्तनात टाळ धरत असे. प्लेगचं साल सोडलं तर आप्पांच्या पाळीला जेव्हा जेव्हा काही आडवं आलं तेव्हा तेव्हा वीणा सुपडूच्याच गळ्यात गेली होती. आणि तो ती उतरवताना नेहमी जरा वेळ लावत असे.

"आप्पा, म्हटलं दिखी येऊ," तो केबलकडे बघत म्हणाला. "टीव्हीनी केबल आन् ही केबल, एकच जात. मी आख्खी डिंडोली जोडी ऱ्हायनू. सरका."

"सुपडू, हात लावू नको."

"हाई टोपी कसानी?" म्हणेपर्यंत सुपडूने केबलच्या टोकाची टोपी उपटून खिशात टाकली होती. "बिनकामनी. म्हणूनच आवाज कोंडाई जास."

"अरे, टोपी काढायची नाही असं सांगून गेलाय तो!" आप्पांचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावरच्या गांधी टोपीकडे गेला. "टोपी बसव आधी! कुणाची टोपी अशी काढतात का?"

सुपडूने टोपी परत बसवली, पण चेहरा पाडून. जाताना दारात थांबून म्हणाला, "आप्पा, तुमले येणं जमाव नही आज. वीणानी काळजी करू नका. मी शे."

हे शेवटचं ‘मी आहे’ आप्पांना अर्थिंगपेक्षा जोरात लागलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. बुवांच्या गाडीची वेळ होत आली होती. शेठचा ड्रायव्हर प्रधान ओरिसाचा, नवीन, बुवांना ओळखत नव्हता. आप्पा म्हणाले, चंचलबेन, एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर बुवांचं नाव लिहून द्या, मोठं, इंग्रजीत, म्हणजे कुणालाही वाचता येईल. चंचलबेननी जाड पेनने लिहिलं, आणि प्रधान पुठ्ठा घेऊन गेला. आप्पांनी पुठ्ठाही पाहिला नाही. ते फाईलमधली तिरपी रेघ कुठल्या बाजूला तिरपी हवी या विचारात होते.

मग ते गेटबाहेर उषाबाईंच्या फोनच्या बूथवर गेले आणि प्रज्ञेशच्या पेजरला निरोप द्यायला नंबर फिरवला. पलीकडे बाई होती.

"मेसेज बोलिए."

इथे आप्पांच्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी सर्व्हरला नाव दिलं होतं आणि ते नाव घेऊन एकेरीत बोलणं त्यांच्या जिभेला शक्य नव्हतं.

"ज्ञानोबा सापडत नाहीत. लवकर या."

"हिंदी में, अंकल."

"ज्ञानोबा मिल नहीं रहे हैं. सुबह से सब ढूँढ रहे हैं. जल्दी आओ. सुकदेव." आणि खाली बूथचा नंबर.

उषाबाई राहायच्या डिंडोलीत. त्यांच्या बूथच्या काचेवर त्याच दिवशीच्या कीर्तनाचा कागद चिकटवलेला होता: ह.भ.प. ज्ञानोबा बुवा चोपडेकर. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि पैसे न मोजताच गल्ल्यात टाकले. मोठ्या माणसाला दुःखात प्रश्न विचारू नयेत. आप्पा आत गेल्यावर थोड्या वेळाने वापीहून प्रज्ञेशचा फोन आला. तोही गोंधळलेला; सर्व्हरला कुणी ‘मिल नहीं रहे हैं’ म्हणेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"पेजर आलाय, कुणी ग्यानोबा हरवलेत म्हणून. आप्पांचे वडील का? त्यांना सांगा, आधी पोलिसात कळवा. आणि एखादा फोटो जवळ ठेवा म्हणावं."

झालं. पोलीस आणि फोटो हे दोन शब्द ऐकल्यावर उषाबाईंनी बूथला कुलूप घालायच्या आधी एक फोन केला, डिंडोलीत सरलाबाईंच्या शेजारी.

सरलाबाई म्हणजे आप्पांचं कुटुंब. त्या पुरण वाटत होत्या. बुवांना पुरणपोळी आवडते असं कळल्यावर त्यांनी गल्लीतल्या बायकांना हाताशी घेतलं होतं. फोन आला तशी सगळी गल्ली पिठाच्या हातांनी बाहेर पडली. वाटेत सुपडू मिळाला. तो गंभीर होऊन म्हणाला, "बुवा सापडनात नही तरी सप्ताह थांबाडता येत नही. येळ उनी तर मी उभा ऱ्हासू." बायकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, पण तोही मागोमाग निघाला. त्या रिक्षांत दाटीवाटीने बसून मिलवर पोचल्या तेव्हा आप्पा टेबलाशी डोकं धरून बसले होते.

"अहो, बुवा कुठे हरवले?" सरलाबाईंनी दारातूनच विचारलं.

आप्पांनी वर पाहिलं. "कोण हरवलं?"

"ज्ञानोबा!"

"हरवतील कसे? आत आहेत की. शेठच्या केबिनमध्ये."

बायकांनी एकदम श्वास सोडला. सरलाबाई मटकन खुर्चीवर बसल्या. "मग सापडत नाहीत असं काय कळवत सुटलात?"

"आत आहेत. पण सापडत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळपासून आम्ही तिघं शोधतोय. मी इथून, चंचलबेन तिथून, मिश्राजी गोडाऊनमधून."

"अहो, मग उठून आत जाऊन बघा ना!"

"हात लावायचा नाही असं सांगून गेलाय तो."

"कोण?"

"प्रज्ञेश. येईल परत. तोवर एसी बंद करायचा नाही म्हणाला. थंडीत ठेवावं लागतं."

गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या सखुबाईंनी तोंडाला पदर लावला. म्हातारी माणसं असली वाक्यं लवकर ओळखतात. "काय व्हयनं त्यासले?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय सांगू सखुबाई," आप्पा म्हणाले, आणि दिवसभराचा थकवा त्यांच्या आवाजात उतरला. "सकाळी अगदी चांगले होते. मीच नाव घेतलं, कुंकू लावलं, हार घातला. मग साप निघाला."

"साप?"

"हो. अजून आतच फिरतोय."

सखुबाईंनी असा हंबरडा फोडला की बाहेर उभे असलेले टेम्पोवाले चलन विसरून आत आले. "माय वं! बुवाले साप चावना वं!" त्यांना बाकीच्यांनी साथ दिली. चंचलबेनना कारण कळलं नव्हतं, पण इतक्या बायका रडतात म्हटल्यावर त्यांचेही डोळे भरून आले. सुपडू डोक्यावरची टोपी काढून भिंतीला टेकून उभा राहिला. आप्पा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. सर्व्हरवर आपलं प्रेम आहे हे त्यांना माहीत होतं, पण आख्ख्या गल्लीचं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

नेमकी तेव्हा शेठची गाडी आत आली.

प्रधान उतरला आणि तक्रार करू लागला, "आप्पाजी, हम कितना बैठा, कितना बैठा. कोई महात्मा नहीं आया. ये मास्टरजी मिल गया, बोला सुकदेव आप्पा का मिल जाना है, तो ले आया."

आणि पलीकडच्या दारातून, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँट, हातात रेक्झिनची पिशवी, असे ज्ञानोबा बुवा उतरले. गाडीत पुठ्ठा दुमडू नये म्हणून प्रधानने तो त्यांच्याकडे धरायला दिला होता. तो त्यांनी तसाच छातीशी धरला होता.

रडणं जागच्या जागी थांबलं. सखुबाईंनी एकदा बुवांच्या पायांकडे पाहिलं, सरळ आहेत का उलटे म्हणून, आणि मग पदर सावरला.

"काय हो आप्पा," बुवा हसत म्हणाले, "आम्ही फलाटावर बसलो वाट बघत. धोतर-पगडी पिशवीत, म्हटलं प्रवासात कशाला मळवायची. या प्रधानजींच्याच बाकावर बसलो होतो. शेंगदाणेही खाल्ले दोघांनी. मी विचारलं, कुणाची वाट बघता? म्हणाले, कुणी गनानोबा म्हणून आहेत, फार पोचलेले. मी म्हटलं, पोचलेले आहेत तर मग अजून पोचले कसे नाहीत? म्हणाले, तेच समजत नाही." बुवांनी पुठ्ठा उलटा करून दाखवला. "असेल कुणी तुमच्या गुजरातेतला सत्पुरुष. बिचारा आला नाही शेवटी."

आप्पांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: जी, एन, ए, एन, ओ, बी, ए.

"चंचलबेन, हे काय लिहिलंय?"

"ज्ञानोबा."

"हे ज्ञानोबा?" आप्पांचा आवाज चिरकला. "यातला डी कुठाय? डी, एन, वाय! डी नसलेला ज्ञानोबा जगात कुठे असतो?"

"डी?" चंचलबेन त्यांच्यापेक्षा थक्क झाल्या. "ज्ञ मां डी क्यांथी आवे, आप्पा? मारो भाणो, माझा भाचा, ज्ञानेश छे, स्कूल मां जी थी ज लखे छे."

"अरे दोनों गलत," मिश्राजी मागून आले. "ज्ञ माने जी-वाय. ग्यान. बच्चा-बच्चा जानता है."

आप्पांनी बोटांवर मोजलं. तीन टेबलं, तीन जुनी मशिनी. सकाळपासून तिघेही एकच नाव घेत होते आणि तिघेही तीन वेगवेगळ्या दारांवर थापा मारत होते, आणि त्या दारांमागे कुणी राहतच नव्हतं.

"मग त्या पोराने आत काय लिहिलंय?" सरलाबाईंनी विचारलं. त्यांना मशिनीतलं काही कळत नव्हतं, पण भांडणात तिसऱ्याचं म्हणणं विचारायचं असतं हे कळत होतं.

सगळे केबिनच्या दारात जमले. चपला बाहेर निघाल्या. आत हारामागे साप फिरत होता. हात लावायचा नाही असं प्रज्ञेश बजावून गेला होता. आप्पांनी सकाळपासूनचं सगळं बुवांना सांगितलं.

"सकाळपासून बाहेरून हाका मारताय," बुवा म्हणाले. "आत जाऊन एकदा हार बाजूला करा की."

आप्पांनी हार सरकवला, डोळे मिटले, मग आठवण होऊन उघडले, आणि कीबोर्डच्या एका बटणावर करंगळी टेकवली. पडदा नुसता पडून राहिला की आपोआप फिरणारा तो साप नाहीसा झाला. पडद्यावर चौकटी उमटल्या आणि वरच्या चौकटीत नाव होतं: जी, एन, वाय, ए, एन, ओ, बी, ए.

सुरुवात चंचलबेनची, पोट आप्पांचं आणि वाय मिश्राजींनाही पुरेल असा. घर मराठी आणि शाळा गुजराती असलेल्या पोराने दोन्हीकडचा मान राखला होता आणि कुणालाच सांगितलं नव्हतं.

मिश्राजी गोडाऊनकडे पळाले, चंचलबेन टेबलाकडे. आप्पांनी एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत लिहिलं. मागे बायका ते जपासारखं म्हणत होत्या. मशीन बंद, मशीन चालू. मसाला वाटला गेला. ओळ आली ती वेगळीच: स्वागत आहे, सुकदेव. आप्पांना गलबलून आलं. इंग्रजीतून का होईना, ओळख पटली होती. चंचलबेनचं लागलं, मिश्राजींचं लागलं, प्रिंटर करवतासारखा ओरडू लागला आणि टेम्पोवाले चलनं घेऊन रांगेने बाहेर पडले. त्यातला अर्थिंगवाला जाताना म्हणाला, "मैं बोला था ना."

आप्पा मंडपात पोचले तेव्हा दिवे लागले होते, टाळकऱ्यांच्या दोन रांगा उभ्या होत्या, आणि वीणा सुपडूच्या गळ्यात होती. आंघोळ करून, गंध लावून, चेहरा शांत ठेवून तो उभा होता. आप्पा मागच्या खांबाशी थांबले. एकदा गळ्यात पडलेली वीणा मागणं बरं दिसत नाही. त्यांनी टाळ उचलले.

बुवा धोतर-पगडीत पुढे आले, नमस्कार करून वळले आणि म्हणाले, "आज दिवसभर ज्यांनी ज्ञानोबाला शोधलं ते कुठे आहेत? शोधणाऱ्याने मागे उभं राहायचं नसतं."

सुपडूने जरा वेळ लावला. पण बुवा हात पुढे करून थांबले होते, म्हणून वीणा शेवटी निघाली आणि आप्पांच्या गळ्यात पडली. तार गालाला लागली नाही. बायकांच्या बाजूला चंचलबेन सरलाबाईंशेजारी बसल्या होत्या. त्यांनी मान उंच करून पाहिलं.

आणि काय रंगलं म्हणता कीर्तन! बुवा नामावर बोलत होते. मृदंग थांबवून, हात पसरून, अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, "अरे, नाव शुद्ध घ्या, अशुद्ध घ्या, बोबडं घ्या, अर्धं घ्या. तो अक्षरं मोजत नाही. कसंही हाक मारा, तो ओ देतो. देतो की नाही?"

"देतो!" सगळा मंडप म्हणाला.

फक्त बुवांच्या बरोबर मागे, गळ्यात वीणा घेऊन उभ्या असलेल्या सुकदेव आप्पांची मान, त्यांच्या नकळत, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे हलत होती: नाही, नाही.

पहिल्यांदा चंचलबेन हसल्या. मग पदरात तोंड खुपसून सरलाबाई. मग सखुबाईंची रांगच्या रांग. बुवांनी वळून पाहिलं आणि पगडी सावरत सभेला म्हणाले, "बरोबर आहे आप्पांचं. शेठच्या केबिनमधला सोडून."

आप्पांनी तार छेडली.